आप्त कोण? स्तनाचा कर्करोग, तीन पुस्तके आणि हातातला मोबाइल



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाबद्दल बोललो. दुसऱ्याने सांगितलेले खरे मानायचे, तर ते कोणत्या अटीवर, हा न्यायदर्शनातला जुना प्रश्न. व्याख्यान संपले, मंडळी चहाकडे वळली, आणि एक बाई आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, "सर, तुमचं शब्दप्रमाण एक असतं. माझ्या मोबाइलवर रोज सकाळी वीस येतात. त्यांचं काय करायचं?" आजूबाजूचे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात हॉस्पिटलची फाईल होती. जावेला स्तनाचा कर्करोग निघाला होता, आणि घरातला प्रत्येक जण वेगळे सांगत होता.

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो. आधी एक खुलासा. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागते ते तत्त्वज्ञानातल्या पदवीमुळे. औषधाचे आम्हाला काही कळत नाही. त्यामुळे आज कोणते उपचार घ्यावेत हे आम्ही सांगणार नाही. आम्ही तीन पुस्तके वाचणार आहोत. तिन्ही बायकांनी लिहिली, तिघींनाही हा आजार झाला, आणि तिघींपुढे प्रश्न एकच होता: विश्वास कुणावर ठेवायचा?

प्रश्न थोड्या लोकांचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. म्हणजे या सभागृहात बसलेल्यांपैकी, किंवा घरी बसून ऐकणाऱ्यांपैकी, ज्याच्या ओळखीत अशी एकही बाई नाही असा माणूस शोधावा लागेल.

एका शब्दाचे दोन अर्थ

मागची उजळणी थोडक्यात. न्यायसूत्रांनुसार शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. मग आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनांनी (हे कामसूत्रवाले नव्हेत) दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे. दोन, जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. आणि पुढे त्यांनी एक धाडसी गोष्ट म्हटली. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ असो, हे लक्षण सगळ्यांना सारखेच. कोण बोलतो त्यावरून त्याचे आप्तत्व ठरत नाही. त्याने काय पाहिले आणि तो कशासाठी बोलतो यावरून ठरते.

आता गंमत बघा. मराठीत 'आप्त' म्हटले की आपल्याला न्यायशास्त्र आठवत नाही. आठवतात ते आप्तेष्ट. आत्या, मामा, जाऊबाई, लग्नपत्रिकेतली यादी. एकच शब्द, दोन अर्थ: जवळचा माणूस आणि खात्रीचा माणूस. चांगल्या दिवसांत हे दोन अर्थ एकत्र नांदतात. आत्याने सांगितलेली लोणच्याची कृती खरीच असते, कारण आत्याने ते लोणचे चाळीस वर्षे घातले आहे. पण घरात कर्करोग आला की हे दोन अर्थ वेगळे होतात आणि आपल्या ते लक्षात येत नाही. जवळच्या माणसाला आपण खात्रीचा मानतो, आणि खात्रीच्या माणसाकडून, म्हणजे डॉक्टरकडून, जवळिकीची अपेक्षा करून दुखावतो.

आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे. आधार देणारा आप्त आणि माहिती देणारा आप्त यांची कामे वेगळी आहेत. कधी एकच व्यक्ती दोन्ही असते, पण ते तपासून घ्यावे लागते. हे आम्ही पुस्तकात शिकलो नाही. घरात चूक करून शिकलो.

अकरा पाने

आमची धाकटी बहीण साताऱ्याला असते. काही वर्षांपूर्वी एका रविवारी तिचा फोन आला. "दादा, छातीत गाठ लागतेय. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासू. पण जाऊबाई म्हणतात, सुई लावली की पसरतं. त्यांनी तसा मेसेजही पाठवलाय. तू एवढा शिकलेला. तू सांग, काय करू?"

आम्ही म्हणालो, "थांब, नीट वाचून सांगतो."

आणि वाचले. अठरा दिवस वाचले. आयुष्यभर ज्ञान कशाला म्हणावे हेच शिकवले होते, त्यामुळे दहा ठिकाणी पडताळल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय. सुईच्या तपासणीने आजार पसरून रुग्णाचे नुकसान होते या समजाला आधार नाही, उलट गाठ कोणत्या जातीची आहे हे कळल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत, हे आम्हाला खरे तर दुसऱ्याच दिवशी समजले होते. तरी वाचत राहिलो. अकरा पानांचे टिपण केले आणि तिला पाठवले.

ती तपासणीला गेली ती आमचे टिपण वाचून नव्हे. शेजारची एक मुलगी तिला स्कूटरवर बसवून घेऊन गेली. पुढे शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशन झाले. आज ती बरी आहे आणि हे सांगायची परवानगी तिनेच दिली आहे. अठरा दिवसांनी आजारात फारसा फरक पडला नसावा, असे तिच्या डॉक्टरांनी आम्हाला पुढे सांगितले. पण एकदा ती म्हणाली, "दादा, तुझी अकरा पानं मी वाचलीच नाहीत. मला एवढंच हवं होतं की तू म्हणावंस, उद्या येतो, आपण मिळून जाऊ."

जाऊबाईंनी माहिती दिली, ती चुकीची होती. आम्ही माहिती दिली, ती बरोबर होती. त्या दिवशी तिला आमच्याकडून माहिती नकोच होती. तिने विचारले दादाला आणि उत्तर दिले प्राध्यापकाने.

हे मनात ठेवून आता पुस्तकांकडे वळू.

पहिले पुस्तक: रोझ कुशनर

रोझ कुशनर या अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या पत्रकार. १९७४ च्या जूनमध्ये त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. त्या काळची पद्धत ऐकून आज अंगावर काटा येतो. बाईकडून आधी संमतीपत्रावर सही घेत. मग भूल देत, गाठ काढत, ती तिथल्या तिथे तपासत, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेखाली स्तन काढून टाकत. झोपताना बाईला माहीत नसे की जाग आल्यावर आपले शरीर कसे असेल. आणि काढत ते नुसता स्तन नव्हे. हॉल्स्टेड या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही जात. जितके जास्त कापू तितका आजार मुळापासून जाईल, हा त्यामागचा तर्क. पाऊणशे वर्षे तो तर्क चालला.

कुशनर बाईंनी काय केले? त्या वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन बसल्या. इंटरनेट नव्हते. होती फक्त नियतकालिके आणि टेलिफोन. त्यांनी ठरवले की आधी तपासणी, मग निदान, मग विचार, आणि मग शस्त्रक्रिया. हे ऐकणारा सर्जन मिळवायला त्यांना एकामागून एक दारे ठोठवावी लागली. त्यातून १९७५ चे त्यांचे पुस्तक आले. नावातच सांगितले आहे की हा एक वैयक्तिक इतिहास आहे आणि एक शोधवृत्तांतही. दोन्ही एकदम.

हे पुस्तक आम्हाला मोठे वाटते ते त्यातल्या प्रश्नांमुळे. कुशनर डॉक्टरांना खोटे म्हणत नाहीत. त्या विचारतात: हे तुम्ही कशावरून म्हणता? दोन गट करून तुलना केली आहे का? किती वर्षे पाहिले? हा न्यायशास्त्रातला प्रश्न आहे. तुम्ही आप्त आहात हे तुमच्या पांढऱ्या कोटावरून मानायचे की तुम्ही जे पाहिले त्यावरून? आणि त्यांचा संशय रास्त ठरला. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञसमितीत सर्वसामान्यांच्या बाजूने त्या बसल्या. तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या कराव्यात, आणि हॉल्स्टेडची मोठी शस्त्रक्रिया नेहमीची मानू नये, असे समितीने सुचवले. पुढे १९८५ साली बर्नार्ड फिशर यांच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. गाठ लहान असेल तर तेवढीच काढून रेडिएशन दिले तरी बायका तितक्याच जगतात, असे त्यात दिसले. तज्ज्ञांची पाऊणशे वर्षांची खात्री तपासल्यावर टिकली नाही.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. रुग्ण जिंकली, डॉक्टर हरले. पण थांबा. याच आजाराच्या इतिहासात दुसरी गोष्टही आहे, आणि ती कुशनर यांच्या पुस्तकात येऊ शकत नाही, कारण ती नंतर घडली.

१९९० च्या दशकात अमेरिकेत एक उपचार गाजला. केमोचा प्रचंड मोठा डोस द्यायचा आणि त्यात नष्ट होणारी अस्थिमज्जा रुग्णाच्याच साठवलेल्या पेशींनी पुन्हा उभी करायची. तुलना करणाऱ्या चाचण्या पूर्ण व्हायच्या आधीच रुग्ण, डॉक्टर, वर्तमानपत्रे, न्यायालये, सगळे म्हणू लागले की हा आमचा हक्क आहे. विमा कंपन्यांना पैसे देणे भाग पडले. हजारो बायकांनी ते भयंकर उपचार सोसले. १९९९ साली चाचण्यांचे निकाल आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसला नाही. फायदा दाखवणारी दक्षिण आफ्रिकेतली एक चाचणी होती. २००० साली तिच्यातली लबाडी उघड झाली.

म्हणजे डॉक्टरही चुकतात आणि रुग्णही चुकतात. 'तज्ज्ञांवर विश्वास ठेवा' हे पुरेसे नाही, आणि 'तज्ज्ञांवर विश्वास ठेवू नका' हेही पुरेसे नाही. कुशनर बरोबर ठरल्या त्या रुग्ण होत्या म्हणून नव्हे. 'कशावरून?' हा प्रश्न त्यांनी सोडला नाही म्हणून.

दुसरे पुस्तक: ऑड्री लॉर्ड

ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्री. १९७८ साली त्यांचा एक स्तन काढला. १९८० साली 'द कॅन्सर जर्नल्स' हे छोटेसे पुस्तक आले. रोजनिशीतल्या नोंदी आणि तीन निबंध. कुशनर यांच्या पुस्तकात माहिती आहे, तर या पुस्तकात आधाराचा विचार आहे.

त्यातले दोन प्रसंग विसरता येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर हॉस्पिटलमध्ये एक स्वयंसेविका भेटायला येते. या आजारातून गेलेल्या बायकांनी नव्या रुग्णांना भेटायचे, अशी ती योजना. हेतू उत्तम. ती एक मऊसा पॅड घेऊन येते आणि समजावते की हे आत घातले की कुणाला काही कळणार नाही. लॉर्ड यांच्या मनात वेगळेच प्रश्न आहेत: मी किती जगेन? पुन्हा उलटेल का? माझ्यासारखी दुसरी कुणी बाई यातून गेली आहे का? त्या प्रश्नांना जागा नाही. दुसरा प्रसंग काही दिवसांनंतरचा. तो पॅड न घालता त्या सर्जनच्या दवाखान्यात जातात, आणि तिथली नर्स त्यांना सुचवते की असे आल्याने इतर रुग्णांचा धीर खचतो.

बघा, ती स्वयंसेविका पहिल्या अर्थाने आप्त आहे. ती स्वतः त्यातून गेली आहे, मायेने आली आहे. पण तिच्याकडे उत्तर एकच आहे, आणि प्रश्न ऐकायच्या आधीच ते तयार आहे. तयार उत्तर घेऊन येणारा आधार समोरच्याला गप्प करतो. आमची अकरा पाने म्हणजे तसाच एक पॅड होता.

लॉर्ड कृत्रिम स्तन सरसकट नाकारतात, असे काही वाचक म्हणतात. ते बरोबर नाही. आपले बदललेले शरीर आधी स्वीकारायची संधी मिळाल्यावर एखादीने तो निवडला, तर त्यांचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आधी झाका, मग बोला, या क्रमाला. पुस्तकाची मर्यादा वेगळी आहे. लॉर्ड यांच्याभोवती मैत्रिणींचे दाट वर्तुळ होते. त्यांना सांभाळणाऱ्या बायका होत्या, आणि त्या तसे कृतज्ञतेने लिहितातही. ज्या बाईला हे वर्तुळ नाही, तिने मौन सोडायचे तरी कुणापुढे? या प्रश्नापाशी पुस्तक थांबते. आज ती बाई रात्री दोन वाजता मोबाइल उघडते.

तिसरे पुस्तक: बार्बरा एहरनराइक

तिथून आपण बार्बरा एहरनराइक यांच्याकडे येतो. या लेखिकेची डॉक्टरेट पेशीविज्ञानाशी संबंधित विषयातली होती, हे लक्षात ठेवा. २००० साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. २००१ साली त्यांचा 'वेलकम टू कॅन्सरलँड' हा लेख आला, आणि पुढे २००९ च्या पुस्तकात तो विषय वाढला. 'स्माइल ऑर डाय', हसा नाहीतर मरा, या नावानेही ते निघाले.

माहितीच्या शोधात त्या संगणकापुढे बसतात. माहिती मिळते, पण तिच्याभोवती गुलाबी फिती, टेडी बेअर आणि सतत आनंदी राहण्याची सक्ती. रुग्णांसाठीच्या एका सार्वजनिक फलकावर त्या लिहितात की मला राग आला आहे. उपचारांच्या त्रासाचा, विमा कंपन्यांचा, या गुलाबी गोडव्याचा. उत्तरे येतात ती बहुतेक कानउघाडणीची. राग सोडा, पॉझिटिव्ह व्हा, समुपदेशकाकडे धावत जा.

आपल्याकडेही हेच चालते. तपासणीच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' म्हणजे गाठीच्या पेशींवर हार्मोनचे किंवा हर-टू नावाचे ग्राहक आहेत, आणि त्यानुसार औषध ठरते. घरातल्या तोंडी 'पॉझिटिव्ह' म्हणजे रडू नकोस. पहिल्या पॉझिटिव्हला मोठा अर्थ आहे. दुसरे बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी असते. आणि वर्तमानपत्रात बाई गेली की आपण लिहितो, 'कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली'. म्हणजे ती कमी पडली. आजार जातीने आक्रमक होता, उशिरा सापडला, औषध परवडले नाही, यातले काहीच नाही. झुंज कमी पडली. सुझन सोंटॅग यांनी १९७८ च्या 'इलनेस ॲज मेटाफर' मध्ये आजारावर लादलेल्या अशाच प्रतिमांवर बोट ठेवले होते.

एहरनराइक यांचा शास्त्रीय मुद्दा असा की आनंदी मन कर्करोग बरा करते याला पुरावा नाही. इथे एका संशोधनाची कहाणी सांगण्यासारखी आहे. १९८९ साली डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांनी ८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार पसरलेल्या ज्या बायका आधारगटात बसत होत्या त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या, असे त्यात दिसले. जगभर गाजावाजा झाला. मग २००१ साली कॅनडातल्या पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ बायकांची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. आयुष्य वाढले नाही. पुढे स्पीगल यांनी स्वतःच पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकूण रुग्णांचे आयुष्य वाढलेले दिसले नाही. ज्याने दावा केला त्यानेच तो पुन्हा तपासला आणि निकाल विरुद्ध गेला तरी छापला. आमच्या मते आप्ताचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पण गुडविन यांच्या चाचणीचा दुसरा अर्धा भाग एहरनराइक यांच्या रागात झाकला जातो. आधारगटातल्या बायकांचे मन सावरले आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या, विशेषतः आधी जास्त त्रासात असलेल्यांना. आयुष्य तेवढेच, दुखणे कमी. हे थोडे आहे का? एहरनराइक यांना रागे भरणाऱ्या त्या बायकाही रुग्णच होत्या. त्यांची गुलाबी फीत ही चुकीची माहिती असेल, पण ती त्यांची काठीही होती. दुसऱ्याची काठी काढून घेताना हात जरा हळू असावा. या ठिकाणी आम्हाला हे पुस्तक हुशार वाटते, पण थोडे निष्ठुरही वाटते.

तिन्ही पुस्तकांत नसलेला माणूस

तिन्ही पुस्तकांत एक माणूस जवळजवळ नाहीच. आपल्याकडचा नातेवाईक. त्या तिघींचा रिपोर्ट त्यांच्याच हातात येतो. आपल्याकडे तो आधी नवऱ्याच्या, भावाच्या, मुलाच्या हातात जातो. 'तिला सांगू नका, खचेल' हे वाक्य डॉक्टरांनी किती वेळा ऐकले असेल! प्रेमापोटी आपण तिच्याकडून तिचीच माहिती काढून घेतो, आणि तिच्या हाती उरतात फॉरवर्ड.

नोव्हेंबर २०२४ मधला प्रसंग आठवा. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की चौथ्या टप्प्यातला पत्नीचा स्तनाचा कर्करोग आहार बदलून आटोक्यात आला. हळद, कडुनिंब, लिंबूपाणी, साखर बंद. तो व्हिडिओ घरोघरी पोहोचला. पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, पण फॉरवर्डमध्ये उरली ती हळद. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढून कळकळीने सांगितले की अशा उपायांना सबळ पुरावा नाही, यावर विसंबून उपचार लांबवू नका. हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालला होता, असा खुलासा सिद्धू यांनी नंतर केला.

सिद्धू खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. पत्नी बरी होत असल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पण कशामुळे बरी झाली, हे डोळ्यांना दिसत नाही. ते अनुमान आहे, आणि तुलनेशिवाय ते उभे राहत नाही. नवरा म्हणून ते आप्त. कार्यकारणाच्या बाबतीत नव्हेत.

खरी माहिती कशी ओळखायची

एक खूण सांगतो. खरी माहिती आपली मर्यादा सोबत घेऊन येते.

मुंबईतले उदाहरण घ्या. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासत. वीस वर्षांचा पाठपुरावा करून २०२१ साली निकाल छापला. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. त्याहून लहान वयात तसा ठळक फायदा दिसला नाही. एकाच निकालात किती 'पण' आहेत बघा. किती वय, किती वर्षे, कुणात नाही. आणि फॉरवर्डमध्ये? 'हे करा, कर्करोग पळेल.' कुणाचा, कोणत्या जातीचा, कितव्या टप्प्यातला, कधी, काही नाही.

म्हणून कोणताही मजकूर समोर आला की चार प्रश्न विचारा. सांगणाऱ्याने नेमके काय पाहिले? ते कुणाला लागू नाही, हे त्याने सांगितले आहे का? तारीख आहे का, आणि तो पुन्हा तपासला जातो का? आणि आपण विश्वास ठेवला तर सांगणाऱ्याला काय मिळते? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची पाने पाहा. एकाच आजाराची रुग्णांसाठी एक आणि डॉक्टरांसाठी एक अशी दोन रूपे असतात, आणि खाली सुधारणेची तारीख. आपल्या हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागाकडेही मराठीत विचारता येते. तिथे विचारायला लाजू नये.

आणि एक लक्षात ठेवा. 'माझ्या मावसबहिणीला केमो लागलीच नाही' हे वाक्य खरे असू शकते आणि तरी आपल्याला लागू नसते. तिच्या गाठीची जात वेगळी होती. स्तनाचा कर्करोग हे एक नाव आहे, आजार अनेक आहेत. मावसबहिणीला विचारायचे ते वेगळे: केस गेले तेव्हा काय केलंस? उलटीच्या दिवसांत काय खाववलं? मुलांना कसं सांगितलंस? याबाबतीत ती पूर्ण आप्त आहे, डॉक्टरांपेक्षाही. वात्स्यायनांच्या दोन्ही अटी ती पुऱ्या करते.

आमच्या बहिणीने पुढे स्वतःच एक पद्धत लावली. एक वही केली. डाव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, उजव्या पानावर त्यांची उत्तरे. आणि नातेवाइकांना तिने निक्षून सांगितले, "औषधाचं काही सांगायचं असेल तर डॉक्टरांसमोर सांगा. नाहीतर जेवायला या." बरेच जण जेवायला आले. जाऊबाई तर प्रत्येक केमोला डबा घेऊन बरोबर गेल्या. मेसेज पाठवणाऱ्या त्याच जाऊबाई. त्यांना योग्य काम मिळाले एवढेच.

प्रश्नोत्तरे

श्रोत्यांमधून एका काकांनी विचारले: "सर, आयुर्वेदाचं काय? ते सगळं टाकायचं का?"

टाकायचे की घ्यायचे हे आम्ही सांगणार नाही. आमचा प्रश्न सगळ्यांना सारखा. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ असो, कशावरून म्हणता? फक्त एक करा. जे काही घेता ते तुमच्या कर्करोगतज्ज्ञाला सांगा. लपवू नका. औषधांचे एकमेकांशी काय जमते आणि काय नाही, हे त्यांना पाहावे लागते.

त्यानंतर त्याच बाई उठल्या, मागच्या वेळच्या. त्यांनी विचारले: "सर, जावेला मी काय सांगू?"

आज काही सांगू नका. पुढची तारीख कधी आहे ते विचारा, आणि तिच्याबरोबर जा.